गर्दीच्या वेळी सर्व्हर तग धरावा म्हणून: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

पावसाळ्यात कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीकडे लागते. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेली माणसे पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये आले की दर काही मिनिटांनी मोबाइल उघडून तेच पान पुन्हा पाहतात, आणि पुण्या-मुंबईत असलेली त्यांची मुलेही त्याच वेळी तेच करत असतात. अशी माहिती देणारी एखादी स्थानिक वेबसाइट वर्षभर निवांत चालते, पण तिची खरी गरज असते नेमक्या त्याच रात्री ती उघडत नाही. हळद आणि बेदाण्याच्या सौद्यांचे दर देणाऱ्या पानांवर सौदा संपल्याबरोबर, आणि महाविद्यालयांच्या वेबसाइटवर प्रवेशाच्या दिवसांत, हाच प्रकार लहान प्रमाणात घडतो.

अशा वेबसाइटची जबाबदारी बहुधा एकाच व्यक्तीवर असते, तिच्या हाताशी भाड्याचा एक छोटा व्हीपीएस (मोठ्या यंत्राचा आपल्या वाट्याला आलेला आभासी भाग) असतो आणि सर्व्हरचे रीतसर शिक्षण झालेले नसते. हा लेख त्या व्यक्तीसाठी आहे. उदाहरणासाठी प्रोसेसरचे २ कोअर आणि ४ जीबी रॅम असलेला, उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) चालणारा सर्व्हर धरला आहे. त्यावर एनजिनएक्स (वाचकाला पान देणारा वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपीचा कोड चालवणारी सेवा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) हे तिन्ही एकत्र आहेत आणि वेबसाइट वर्डप्रेसमध्ये किंवा साध्या पीएचपीमध्ये लिहिलेली आहे. एनजिनएक्सऐवजी अपाची हा वेब सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

सर्व्हरने एकाच वेळी किती काम हातात घ्यायचे याची मर्यादा आधी घालावी, त्यानंतर प्रत्येक कामाचा खर्च कमी करावा, आणि एवढे करूनही भागले नाही तरच मोठा सर्व्हर घ्यावा, असा क्रम मी आग्रहाने सुचवतो. अनेक नवशिके याच्या उलट क्रमाने जातात: आधी मोठा सर्व्हर घेतात, मग सगळ्या मर्यादा वाढवतात, आणि मंद क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) जिथल्या तिथे राहते.

कोणताही बदल करण्यापूर्वी कॉन्फिगरेशनच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी. एनजिनएक्सच्या फाइलीत बदल केल्यावर 'एनजिनएक्स' या कमांडला 'टी' हा पर्याय देऊन फाइल तपासून घ्यावी आणि ती बरोबर असेल तरच रीलोड करावे. रीलोडमध्ये चालू असलेली कनेक्शन तुटत नाहीत, त्यामुळे रीस्टार्टपेक्षा ते बरे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो कधी केला याची वहीत नोंद ठेवावी. एकदम पाच बदल केले तर कोणत्या बदलाने फरक पडला हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

नेमके काय कमी पडते आहे ते शोधणे

सर्व्हर मंद झाला म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांपैकी काहीतरी एक संपलेले असते, किंवा वर्करची, म्हणजे वाचकांच्या रिक्वेस्ट (पानासाठीच्या मागण्या) हाताळणाऱ्या प्रोसेसची (चालू प्रोग्रॅमची), संख्या संपलेली असते. त्यातले काय संपले हे कळल्याशिवाय सेटिंगला हात लावू नये.

'अपटाइम' ही कमांड दिली की लोड अॅव्हरेजचे तीन आकडे दिसतात. ते अनुक्रमे गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे असतात. चालू असलेल्या, प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या आणि लिनक्सच्या बाबतीत डिस्कच्या उत्तरासाठी अडकलेल्या प्रोसेसचीही त्यात गणना होते. हा आकडा नेहमी कोअरच्या संख्येशी ताडून पाहावा. २ कोअरच्या सर्व्हरवर तो बराच वेळ २ च्या वर राहत असेल तर रांग लागली आहे असे समजावे. पहिला आकडा ९ आणि शेवटचा १ असेल तर गर्दी नुकतीच सुरू झाली आहे. पहिला २ आणि शेवटचा ९ असेल तर ती ओसरू लागली आहे.

लोड का वाढला हे मात्र यावरून कळत नाही. त्यासाठी 'टॉप' उघडून प्रोसेसरच्या ओळीतील टक्केवारी पाहावी. 'यूएस' जास्त असेल तर पीएचपी किंवा मायएसक्यूएल खरोखरच काम करत आहे. 'डब्ल्यूए' जास्त असेल तर प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहत आहे. 'एसटी' जास्त असेल तर आपल्या वाट्याचा प्रोसेसरचा वेळ त्याच यंत्रावरचे दुसरे ग्राहक वापरत आहेत; त्यावर आपल्या बाजूने कोणताही उपाय नसल्याने ते आकडे जपून ठेवून होस्टिंग देणाऱ्याशी बोलावे.

मेमरीसाठी 'फ्री' ही कमांड आहे. तिच्या उत्तरातील 'फ्री' हा रकाना पाहून अनेकजण विनाकारण घाबरतात, कारण लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी (पुन्हा लागतील म्हणून हाताशी ठेवलेल्या प्रतींसाठी) वापरते आणि गरज पडली की लगेच मोकळी करते. पाहण्यासारखा रकाना 'अव्हेलेबल' हा आहे. त्यानंतर 'व्हीएमस्टॅट' दर सेकंदाला चालवून 'एसआय' आणि 'एसओ' हे दोन रकाने मिनिटभर पाहावेत. पहिली ओळ सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्यावी. पुढच्या ओळींत हे आकडे सतत शून्याच्या वर राहत असतील तर मेमरी संपली आहे आणि सर्व्हर डिस्कवरील स्वॅपचा (रॅमऐवजी वापरल्या जाणाऱ्या जागेचा) वापर करू लागला आहे. माझ्या मते ओव्हरलोडच्या सर्व प्रकारांत हा सर्वांत घातक आहे, कारण डिस्क रॅमच्या मानाने फार संथ असल्याने प्रत्येक काम लांबते, लांबलेली कामे साचतात आणि साचलेली कामे आणखी मेमरी मागतात. शेवटी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतःच एखादी मोठी प्रोसेस मारतो, आणि छोट्या सर्व्हरवर ती बहुधा मायएसक्यूएलची असते. पानावर 'डेटाबेसशी संपर्क होत नाही' असा संदेश दिसतो आणि दोष मायएसक्यूएलला दिला जातो, परंतु 'डीमेसेज' (dmesg) या कमांडमध्ये 'आउट ऑफ मेमरी' असे शब्द सापडले तर खरे कारण मेमरीच आहे.

जाता जाता 'डीएफ' ही कमांड देऊन डिस्क भरली नाही ना, हेही पाहून घ्यावे. जुन्या लॉग फाइलींनी भरलेली डिस्क हे साइट बंद पडण्याचे अगदी साधे आणि हमखास विसरले जाणारे कारण आहे.

एरर कोडही बरेच सांगतात. एनजिनएक्सने ५०२ दिला तर मागे पीएचपी-एफपीएम उभा नाही किंवा त्याने मध्येच संपर्क तोडला. ५०४ दिला तर उत्तर ठरलेल्या वेळेत आले नाही. ही वेळ मुळात ६० सेकंद असते. लॉगमध्ये ४९९ दिसत असेल तर वाचकाने कंटाळून पान बंद केले. ५०४ दिसू लागला की ६० चे ३०० सेकंद करण्याचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे, कारण त्यामुळे एकेक वर्कर पाच-पाच मिनिटे अडकून पडतो आणि एरवी चाललेली पानेही बंद पडतात.

वर्करची संख्या मेमरीवरून ठरवणे

पीएचपी-एफपीएममध्ये एक प्रोसेस एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळते. एकूण किती प्रोसेस असाव्यात हे 'पीएम डॉट मॅक्स चिल्ड्रेन' या सेटिंगने ठरते आणि पॅकेजसोबत येणाऱ्या फाइलीत ती संख्या अवघी ५ असते. ती पुरेनाशी झाली की एफपीएमच्या लॉगमध्ये मर्यादा गाठल्याची सूचना येते आणि ती वाढवण्याचा सल्लाही त्याच ओळीत असतो. हा सल्ला वाचून काहीजण सरळ २०० लिहितात आणि इथेच सर्व्हर स्वॅपमध्ये जाण्याची तयारी होते.

ही संख्या हिशेबाने काढावी. साइट चालू असताना पीएचपी-एफपीएमच्या प्रोसेसनी घेतलेली मेमरी 'पीएस'च्या 'आरएसएस' किंवा 'टॉप'च्या 'आरईएस' रकान्यात पाहून तिची सरासरी काढावी. समजा ती ६० एमबी आली. ४ जीबी म्हणजे ४०९६ एमबी. त्यातून ऑपरेटिंग सिस्टिम आणि इतर किरकोळ सेवांसाठी ६००, मायएसक्यूएलसाठी ११००, एनजिनएक्ससाठी १०० आणि फाइलींची कॅश व अचानक लागणारी गरज यांसाठी ५०० एमबी वजा केल्यावर १७९६ एमबी उरतात. त्याला ६० ने भागले की जेमतेम ३० येतात. तिथे २८ लिहावे. 'आरईएस'मध्ये सामायिक मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते, त्यामुळे हा हिशेब थोडा जास्तच सावध आहे, आणि नवशिक्यासाठी ते चांगले आहे. पानांचे काम प्रामुख्याने प्रोसेसरचे असेल, म्हणजे डेटाबेसची वाट पाहण्यात फारसा वेळ जात नसेल, तर २ कोअरवर २८ प्रोसेसही जास्तच होतात. अशा वेळी १० ते १२ वर थांबून फरक पाहावा.

२८ जागा भरल्यावर येणारी रिक्वेस्ट रांगेत थांबते. काहींना थोडे थांबावे लागेल आणि फारच गर्दी झाली तर काहींना एररही दिसेल, परंतु ज्या २८ रिक्वेस्ट हातात आहेत त्या वेळेत पूर्ण होत राहतील. मर्यादा नसलेल्या सर्व्हरवर सगळ्यांना आत घेतले जाते आणि कोणालाही उत्तर मिळत नाही. पुराच्या रात्री हा फरक फार मोठा असतो.

किती वर्कर लागतील याचा अंदाज एका सोप्या नियमाने येतो, ज्याची सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये दिली: सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्टची संख्या गुणिले एका रिक्वेस्टला लागणारे सेकंद, म्हणजे एकाच वेळी हातात असलेल्या रिक्वेस्ट. सेकंदाला २० रिक्वेस्ट येत असतील आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागत असेल तर १० वर्कर गुंतलेले राहतात. तीच क्वेरी ३ सेकंद घेऊ लागली तर ६० लागतील, जे आपल्याकडे नाहीत. गर्दी तेवढीच असूनही साइट कोलमडते, ती अशी. येणारी गर्दी आपल्या हातात नसते. प्रत्येक रिक्वेस्टचा वेळ मात्र बराचसा आपल्या हातात असतो.

'पीएम डॉट मॅक्स रिक्वेस्ट्स' ५०० च्या आसपास ठेवावे, म्हणजे एखाद्या प्लगइनमुळे हळूहळू फुगत जाणारी प्रोसेस ठरावीक रिक्वेस्टनंतर बदलली जाते.

अपाची वापरणाऱ्यांनी 'मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स' हे सेटिंग पाहावे. जुन्या लेखांत त्याचे नाव 'मॅक्स क्लायंट्स' असे आढळेल. प्रीफोर्क पद्धतीत ते मुळात २५६ असते आणि पीएचपी अपाचीच्या आतच चालत असेल तर ५० एमबीच्या हिशेबाने २५६ प्रोसेसना १२ जीबीहून अधिक रॅम लागेल. शक्य असेल तर इव्हेंट पद्धत आणि पीएचपी-एफपीएम ही जोडी वापरावी. ते जमत नसेल तर वरच्याच हिशेबाने संख्या कमी करावी आणि 'कीप अलाइव्ह टाइमआउट' २ सेकंदांवर आणावा, कारण प्रीफोर्कमध्ये नुसते जोडलेले राहिलेले कनेक्शनही एक पूर्ण प्रोसेस अडवून ठेवते. एनजिनएक्समध्ये एकच वर्कर हजारो कनेक्शन सांभाळतो, त्यामुळे तिथे 'वर्कर प्रोसेसेस' ला 'ऑटो' दिले की छोट्या सर्व्हरसाठी सहसा पुरते.

प्रत्येक रिक्वेस्टचा खर्च कमी करणे

एनजिनएक्सच्या लॉगच्या रचनेत 'रिक्वेस्ट टाइम' आणि 'अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम' हे दोन आकडे घालून घ्यावेत. दुसरा आकडा पीएचपीने घेतलेला वेळ सांगतो. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर वेळ वाचकापर्यंत पान पोहोचवण्यात जात आहे. जत किंवा आटपाडीकडच्या एखाद्या गावातून कमजोर मोबाइल नेटवर्कवर पान उघडले जात असेल तर असे होते, आणि त्यावर पानाचे वजन कमी करणे हाच उपाय आहे. दुसराच मोठा असेल तर पीएचपी आणि डेटाबेसकडे वळावे. एफपीएमचा स्लो लॉग चालू करून २ सेकंदांची मर्यादा दिली तर कोड नेमका कुठे अडकला होता ते फंक्शनच्या नावासह मिळते.

पीएचपीची ओपीकॅश चालू आहे याची खात्री करावी. ५.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, ती पीएचपीसोबतच येते आणि ती बंद असेल तर प्रत्येक रिक्वेस्टला सगळ्या फाइली पुन्हा वाचून त्यांचे भाषांतर करावे लागते. एवढ्या कमी श्रमात एवढा फायदा दुसऱ्या कोणत्याही सेटिंगमध्ये नाही.

डेटाबेसमध्ये मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग चालू करावा. त्याची मूळ मर्यादा १० सेकंद असते, जी वेबसाइटच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. ती १ सेकंदावर आणावी. दिवसभरानंतर सापडलेल्या क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' हा शब्द लावून ती चालवावी. उत्तरातील 'टाइप' या रकान्यात 'ऑल' आले तर मायएसक्यूएल अख्खे टेबल वाचत आहे. समजा सौद्यांच्या टेबलमध्ये गेल्या दहा वर्षांचे दर आहेत आणि पानाला फक्त आजचा हळदीचा दर हवा आहे. शेतमाल आणि तारीख या दोन रकान्यांवर मिळून एक इंडेक्स (हव्या त्या ओळी चटकन शोधून देणारी सूची) केला की हीच क्वेरी मोजक्या ओळी वाचून परत येते. क्वेरीत तारखेच्या रकान्यावर 'इयर' हे फंक्शन लावलेले असेल तर तो साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही, म्हणून १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत अशी मर्यादा लिहावी.

'इनोडीबी बफर पूल साइझ' मुळात १२८ एमबी असते. फक्त डेटाबेससाठी राखलेल्या सर्व्हरवर एकूण रॅमच्या ५० ते ७५ टक्के द्यावे असा सर्वसाधारण सल्ला असतो, परंतु आपल्या एकत्र सर्व्हरवर ५१२ ते ७६८ एमबी पुरे. 'मॅक्स कनेक्शन्स' ची मूळ संख्या १५१ असते. आपले पीएचपी वर्कर २८ असल्याने ती वाढवण्याचे काहीच कारण नाही. जुन्या लेखांत 'क्वेरी कॅश' मोठी करण्याचा सल्ला सर्रास आढळतो. मायएसक्यूएल ८.० मधून ती काढून टाकली आहे आणि ते सेटिंग फाइलीत लिहिले तर मायएसक्यूएल सुरूच होत नाही, याची विशेष काळजी घ्यावी.

तेच पान पुन्हा पुन्हा तयार न करणे

नदीची पातळी पाहणाऱ्या प्रत्येकाला तेच पान दिसते आणि पातळीची नवी नोंद काही प्रत्येक सेकंदाला येत नाही. तरीही सेकंदाला २०० वाचक आले तर सर्व्हर २०० वेळा डेटाबेसला विचारतो. एनजिनएक्सच्या 'फास्ट सीजीआय कॅश'मध्ये हे पान फक्त १० सेकंद ठेवले तरी दहा सेकंदांतील सुमारे २००० रिक्वेस्टसाठी पीएचपी एकदाच चालते. सोबत 'कॅश लॉक' चालू ठेवावे, म्हणजे पान अजून कॅशमध्ये नसताना आलेल्या शेकडो रिक्वेस्ट एकदम पीएचपीवर तुटून पडणार नाहीत. आणि 'यूज स्टेल' हे सेटिंग 'अपडेटिंग' या पर्यायासह द्यावे, म्हणजे कॅशची मुदत संपून नवे पान तयार होत असताना, किंवा एरर आणि टाइमआउटचे पर्यायही दिले असतील तर मागे काही बिघडल्यावर, निदान आधीचे पान वाचकाला मिळेल. मात्र जुनी पातळी ताजी समजून कोणी घर सोडायला उशीर केला असे होता कामा नये, म्हणून पातळीच्या आकड्याशेजारी ती नोंद किती वाजताची आहे हे ठळक अक्षरांत छापावेच.

कॅश लावूनही ती चालत नाही अशी अडचण अनेकांना येते. पानावर पीएचपीचे सेशन (प्रत्येक वाचकाची वेगळी ओळख ठेवण्याची सोय) सुरू होत असेल तर पीएचपी आपणहून 'हे पान साठवू नका' असा हेडर (पानासोबत जाणारी सूचना) पाठवते आणि एनजिनएक्स तो पाळतो. सार्वजनिक पानांवरून सेशन काढून टाकले की काम होते. हेडर दुर्लक्षित करण्याची सोयही एनजिनएक्समध्ये आहे, पण ती वापरू नये. पतसंस्थेच्या साइटवर एका सभासदाचे खाते दुसऱ्याला दिसले तर तो अपराध मंद साइटपेक्षा कितीतरी गंभीर आहे. लॉगिननंतरची सर्व पाने कॅशमधून वगळलेली आहेत हे दोन वेगवेगळ्या खात्यांनी प्रत्यक्ष तपासावे.

याहूनही साधा उपाय म्हणजे नवी नोंद आली की पूर्ण पानाची एक एचटीएमएल फाइल तयार करून ठेवणे. मग वाचकांसाठी पीएचपी आणि मायएसक्यूएल दोन्ही लागत नाहीत, आणि एनजिनएक्स अशी फाइल छोट्या सर्व्हरवरूनही फार मोठ्या संख्येने देऊ शकतो. फाइल आधी वेगळ्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावर त्याच फोल्डरमध्ये नाव बदलून जागेवर आणावी, म्हणजे अर्धवट लिहिलेले पान कोणाला दिसत नाही. पान आपोआप ताजे होत असेल तर त्यातील अंतर ५ सेकंदांऐवजी ६० सेकंद ठेवावे.

पानाचे वजनही पाहावे. एनजिनएक्सचे जीझिप चालू केले तरी ते मुळात फक्त एचटीएमएलला लागू होते. सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि जेसन ही नावे यादीत स्वतः घालावी लागतात. फोटो आधीच दाबलेले असल्याने त्यांना जीझिपचा उपयोग नाही. ते लहान करून वेबपी प्रकारात ठेवावेत.

नको असलेली गर्दीही वेगळी काढावी. वर्डप्रेसच्या लॉगिनच्या पानावर आणि एक्सएमएल-आरपीसीच्या (बाहेरच्या प्रोग्रॅमना साइटशी बोलू देणाऱ्या) फाइलीवर बॉट, म्हणजे आपोआप रिक्वेस्ट पाठवणारे प्रोग्रॅम, सतत धडका मारत असतात. 'लिमिट रिक्वेस्ट' लावून त्यांना आवर घालता येतो. मर्यादा फार कडक ठेवू नये, कारण मोबाइल कंपन्यांचे अनेक ग्राहक एकाच आयपी पत्त्यामागून येतात आणि एका बॉटसोबत अख्ख्या गावाला रोखले जाण्याची शक्यता असते.

जूनच्या आधी चाचणी

हे सगळे एप्रिल-मे मध्ये करून त्याची चाचणी घ्यावी. अपाची बेंच किंवा डब्ल्यूआरके (गर्दीची नक्कल करणारी साधने) दुसऱ्या यंत्रावरून, आणि फक्त आपल्याच सर्व्हरवर, रात्री चालवावे. एकाच वेळच्या रिक्वेस्ट ५, १०, २०, ४० अशा वाढवत न्याव्यात आणि त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत 'व्हीएमस्टॅट' पाहत राहावे. सरासरी वेळेपेक्षा ९५ टक्के रिक्वेस्ट किती वेळात पूर्ण झाल्या हा आकडा महत्त्वाचा मानावा. एका टप्प्यानंतर सेकंदाला पूर्ण होणाऱ्या रिक्वेस्ट वाढायच्या थांबतात आणि फक्त वेळ वाढू लागतो. ती आपल्या सर्व्हरची खरी क्षमता. कॅश असलेले आणि कॅश नसलेले पान अशा दोन्ही चाचण्या कराव्यात. अपाची बेंच प्रत्येक वेळी वेगळ्या लांबीचे उत्तर आले तरी ते 'फेल्ड'मध्ये मोजते, म्हणून त्या आकड्याखालचा तपशील वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

एवढ्यानंतरही प्रोसेसर पूर्ण भरत असेल तर जास्त कोअर घ्यावेत, मेमरी कमी पडत असेल तर डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर न्यावा. सर्व्हर शहरातल्याच एखाद्या कार्यालयात ठेवला असेल तर पुरात तिथली वीजही जाते, म्हणून तो बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये हलवणे अधिक निकडीचे आहे. हलवण्यापूर्वी निदान दोन दिवस आधी डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेचा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, ३०० सेकंदांवर आणावा, नव्या सर्व्हरवर साइट नीट चालते याची खात्री करून मगच पत्ता बदलावा, आणि जुना सर्व्हर त्याच्या लॉगमध्ये वाचकांच्या रिक्वेस्ट येणे थांबेपर्यंत चालू ठेवावा.